टेप कॅटलॉगमधून व्हॉल्यूम काढताना: आधी सातबारा वाचा, मग नाव कमी करा

"ताई, अकरा व्हॉल्यूम आहेत. सगळे जुनेच दिसतात. फोर्स मारून देऊ का?"

रात्रीचे अडीच वाजले होते. मिहानमधल्या आमच्या मजल्यावर तेवढी एकच रांग जागी होती. व्हॉल्यूम म्हणजे एक टेप, आणि फोर्स म्हणजे कॅटलॉगमधून, म्हणजे टेपांच्या वहीतून, तिची नोंद सक्तीने पुसणं. मीही थकले होते, म्हणून "दे मारून" म्हटलं. त्या अकरांपैकी दहा खरोखरच मेलेले होते. अकराव्यावर एका ग्राहकाचा वर्षअखेरीचा हिशेब होता, आणि हे आम्हाला दोन महिन्यांनी कळलं, जेव्हा लेखापरीक्षकांनी तो मागितला. रिस्टोअरचा, म्हणजे डेटा परत आणण्याचा, जॉब पहिल्याच पायरीवर थांबला, कारण डेटासेट, म्हणजे मेनफ्रेमवरची ती फाइल, सापडतच नव्हता. कार्ट्रिज, म्हणजे टेपची डबी, रॅकमध्ये होती आणि तिच्यावरचा डेटाही शाबूत होता, पण ती कोणती कार्ट्रिज हे सांगणारी ओळ आम्हीच पुसली होती.

नागपुरात मेनफ्रेमच्या, म्हणजे मोठ्या कंपन्यांच्या मध्यवर्ती संगणकांच्या, स्टोरेजचं काम करणाऱ्या बहुतेक मुलामुलींनी टेप कधी हातात घेतलेली नसते. यंत्रं अमेरिकेत, रॅक अमेरिकेत, आणि आपण वर्धा रोडवरून त्यांची वही सांभाळतो. त्यामुळे वहीतली ओळ म्हणजेच टेप, असं वाटायला लागतं. तसं नसतं. गावाकडे सातबाऱ्यावरून नाव कमी झालं म्हणून शेत कुठे जात नाही, पण शेत कोणाचं हे सांगता येत नाही, आणि मग कोर्टात वर्षं जातात. इथेही तसंच होतं.

आता यामागचं तांत्रिक कारण सांगते, कारण ते कळलं की पुढच्या सगळ्या पायऱ्या आपोआप पटतात. प्रमाणित लेबल असलेल्या टेपवर सुरुवातीला ८० बाइटची लेबलं असतात. पहिल्या व्हॉल-१ लेबलात सहा अक्षरी व्हॉल्यूम क्रमांक असतो, त्याला आपण व्हॉलसर म्हणतो. त्यानंतरच्या एचडीआर-१ लेबलात डेटासेटचं नाव असतं, पण पूर्ण नाही. झेड/ओएसमध्ये, म्हणजे मेनफ्रेमच्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये, डेटासेटचं नाव ४४ अक्षरांपर्यंत जाऊ शकतं. लेबलात मात्र शेवटच्या फक्त १७ अक्षरांना जागा आहे. नाव जीडीजीचं, म्हणजे पिढ्यांच्या क्रमांकाने ठेवलेल्या फाइलींच्या मालिकेचं, असेल तर पिढीचा क्रमांकच आठ अक्षरं घेतो, त्याआधीचा टिंब एक, म्हणजे खऱ्या नावासाठी उरली आठ. आमच्या त्या टेपच्या लेबलावर "इयरएंड" आणि पिढीक्रमांक एवढंच होतं, आणि त्या ग्राहकाच्या दोन वेगवेगळ्या प्रणाली इयरएंड नावानेच फाइल लिहीत होत्या. पूर्ण नाव फक्त टेप व्यवस्थापनाच्या कॅटलॉगमध्ये होतं. शेवटी आतले रेकॉर्ड वाचून टेप ओळखावी लागली. त्यात दोन दिवस गेले.

म्हणून माझ्या टीमचा नियम एकच आहे: ओळ पुसण्याआधी ती ओळ, पूर्ण नावासकट, दुसरीकडे उतरवून ठेवायची. आम्ही त्याला "चिठ्ठी काढणं" म्हणतो.

पुढची पद्धत आयबीएमच्या डीएफएसएमएस-आरएमएम या टेप व्यवस्थापनाच्या प्रणालीसाठी आहे, पुढे तिला नुसतं आरएमएम म्हटलं आहे. सीए-१ ही तशीच दुसरी प्रणाली वापरणाऱ्यांसाठी शेवटाकडे थोडं लिहिलं आहे. कमांड इथे देवनागरीत उच्चाराप्रमाणे दिल्या आहेत, पडद्यावर त्या नेहमीसारख्या इंग्रजी मोठ्या अक्षरांत टाइप करायच्या.

वह्या तीन आहेत

नव्या माणसाला वाटतं की कॅटलॉग एकच असतो. टेप लायब्ररी, म्हणजे टेपा आपोआप चढवणारं यंत्र, सिस्टिम-मॅनेज्ड (खुद्द प्रणालीने सांभाळलेली) असेल तर एकाच व्हॉल्यूमची नोंद तीन ठिकाणी असते. पहिली आरएमएमच्या कंट्रोल डेटासेटमध्ये. ही व्हीसॅम प्रकारची, म्हणजे नोंदी चटकन शोधता येणारी, फाइल आहे, आणि मालक, मुदत, डेटासेटची नावं, रॅक, साखळी असा सगळा इतिहास तिच्यात असतो. दुसरी टेप कॉन्फिगरेशन डेटाबेसमध्ये, म्हणजे सिस१ डॉट व्हॉलकॅट नावाच्या व्हॉल्यूम कॅटलॉगांमध्ये. तिथे व्हॉलसरच्या आधी एक व्ही लागतो, आणि व्हॉल्यूम स्क्रॅच (कोरा, पुन्हा वापरता येणारा) की प्रायव्हेट (डेटा असलेला), कोणत्या लायब्ररीत, एवढंच नोंदलेलं असतं. तिसरी खुद्द लायब्ररीच्या यंत्राकडे.

यांपैकी एकीतून नाव गेलं आणि दुसरीत राहिलं की गोंधळ सुरू होतो. नेहमी दिसणारा प्रकार असा: आरएमएममधून व्हॉल्यूम काढला, पण व्हॉलकॅटमध्ये तो स्क्रॅचच राहिला. रात्रीच्या बॅचने कोरी टेप मागितली, लायब्ररीने हीच चढवली, आरएमएम म्हणालं मी हिला ओळखत नाही, टेप उतरली, पुन्हा मागणी झाली. सकाळपर्यंत ड्राइव्ह अडकून राहते आणि जॉब पुढे सरकत नाहीत.

चौथी जागाही लक्षात ठेवा: डेटासेटचा नेहमीचा आयसीएफ कॅटलॉग, ज्यात कोणती फाइल कोणत्या व्हॉल्यूमवर आहे हे असतं. आरएमएमच्या पार्मलिबमध्ये, म्हणजे सेटिंग्जच्या फाइलमध्ये, अनकॅटलॉग नावाचा पर्याय आहे. तो वाय असेल तर व्हॉल्यूम सोडतानाच त्यावरचे डेटासेट कॅटलॉगमधून काढले जातात, एस असेल तर व्हॉल्यूम स्क्रॅचला परत जाताना, आणि एन असेल तर काढलेच जात नाहीत. आपल्या ठिकाणी कोणता आहे हे कामाला हात लावण्याआधी बघून घ्या. आमच्याकडे वाय होता, म्हणूनच रिस्टोअरला नावसुद्धा सापडलं नाही.

यादी काढणं

यादी कोणीतरी ईमेलवर पाठवलेल्या एक्सेलवरून करू नका. आरएमएमकडूनच काढा. टीएसओ (मेनफ्रेमला कमांड देण्याची सोय) बॅचमध्ये, म्हणजे आयकेजेईएफटी०१ प्रोग्रॅमखाली, हे चालतं:

आरएमएम सर्चव्हॉल्यूम व्हॉल्यूम(ए१२३*) ओनर(*) लिमिट(*)

इथे दोन ठिकाणी माणसं फसतात. ओनर(*) दिलं नाही तर शोध तुमच्याच आयडीच्या मालकीच्या व्हॉल्यूमपुरता राहतो. आणि लिमिट दिलं नाही तर यादी ४० वर थांबते. एकाने ४० ओळींची यादी बघून "एवढेच आहेत" असं कामाच्या तिकिटावर लिहून टाकलेलं मी पाहिलं आहे, प्रत्यक्षात त्या मालिकेत दोनशेच्या वर व्हॉल्यूम होते.

याच कमांडला सीलिस्ट हा पर्याय जोडला की सापडलेल्या प्रत्येक व्हॉल्यूमच्या आधी आणि नंतर तुम्ही दिलेला मजकूर चिकटवून कमांडची तयार फाइल मिळते. आधी तिच्यात लिस्टव्हॉल्यूम घाला, डिलीट नाही. म्हणजे पहिली फेरी फक्त वाचण्याची होते.

एकेक ओळ वाचणं

आरएमएम लिस्टव्हॉल्यूम ए१२३०४ ऑल

ही कमांड एका व्हॉल्यूमबद्दल पानभर माहिती देते. घाईत माणूस मुदतीची तारीख बघतो आणि पुढे जातो. मी माझ्या मुलांना याच क्रमाने वाचायला लावते.

आधी मागचा व्हॉल्यूम आणि पुढचा व्हॉल्यूम हे दोन रकाने. दोन्ही रिकामे असतील तर टेप एकटी आहे. एकातही काही असेल तर ती साखळीतली आहे, आणि मग निर्णय पूर्ण साखळीचा घ्यायचा. चार टेपवर पसरलेल्या फाइलमधली तिसरी काढली तर पहिल्या दोन वाचता येतील, पण तिथून पुढे चौथीकडे जाण्याचा रस्ता राहणार नाही. अशी अर्धी फाइल कोणाच्याच उपयोगाची नसते.

मग व्हॉल्यूमची स्थिती: मास्टर (डेटा जपायचा), युजर (मालकाने हवं तसं लिहायचं) की स्क्रॅच. त्याच्या शेजारीच पेंडिंग रिलीज (सोडण्याच्या रांगेत) आहे का, व्हायटल रेकॉर्ड (मुद्दाम जपायची नोंद) म्हणून राखला आहे का, हे दिसतं. व्हायटल रेकॉर्ड असेल तर त्यामागे कोणीतरी मुद्दाम नियम लिहिलेला आहे. तो नियम शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका. होल्ड, म्हणजे पुसायला बंदी, लावलेला असेल तर तिथेच थांबा. होल्ड बहुतेक वेळा कायद्याच्या कारणाने लागतो, आणि तो काढायचा अधिकार स्टोरेज टीमकडे नसतो.

मुदतीची तारीख वाचताना ज्युलियन पद्धत, म्हणजे वर्ष आणि त्यातला कितवा दिवस, लक्षात ठेवा. १९९९/३६५ किंवा १९९९/३६६ दिसलं तर "ही तर पंचवीस वर्षांपूर्वीच संपली" असा अर्थ काढू नका. जेसीएलमधलं, म्हणजे जॉब लिहिण्याच्या भाषेतलं, ९९३६५ म्हणजे कधीच संपू नये. या एका गैरसमजाने फार जुन्या आणि फार मोलाच्या टेपांचा बळी जातो.

तारखेबद्दल नागपूरकरांनी आणखी एक गोष्ट जपायची. यंत्र अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याच्या वेळेवर असेल तर ते आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेनऊ तास आणि हिवाळ्यात साडेदहा तास मागे असतं. आपल्या घड्याळात एक तारीख लागली तरी यंत्रावर महिनाअखेरच चालू असते, आणि महिनाअखेरीचे जॉब अजून त्याच टेपांवर लिहीत असू शकतात. बदलाच्या तिकिटावर वेळ यंत्राची लिहा, आपली शेजारी द्या.

शेवटी, शेवटचं वाचन आणि शेवटचं लेखन या तारखा. मुदत संपलेली टेप मागच्याच महिन्यात कोणी वाचली असेल, तर ती कोणाला तरी हवी आहे. फोन करून विचारा.

मालक कोण?

काही टेपांचा खरा हिशेब आरएमएमकडे नसतोच. डेटासेटच्या नावात एचमिगटेप किंवा बॅकटेप दिसलं तर ती एचएसएमची टेप आहे. एचएसएम, म्हणजे जुन्या फाइली आपोआप टेपवर हलवणारं आणि बॅकअप ठेवणारं सॉफ्टवेअर, स्वतःची वही ठेवतं. ती आरएमएममधून परस्पर काढली तर एचएसएमला वाटत राहतं की टेप जागेवर आहे, आणि एखाद्या वापरकर्त्याने जुनी फाइल उघडली की त्याचा रिकॉल (फाइल टेपवरून परत आणणं) अपयशी होतो. तिथे आधी एचएसएमची रीसायकल कमांड चालवून जिवंत डेटा दुसऱ्या टेपवर हलवायचा, मग एचएसएमच्याच डेलव्हॉल कमांडने, पर्ज देऊन, टेप सोडायची. आरएमएमला खबर तिकडूनच मिळते.

डीबी-२ या डेटाबेसचंही तसंच. इमेज कॉपी, म्हणजे डेटाची बॅकअप प्रत, टेपवर असेल तर तिची नोंद सिसकॉपी या टेबलात असते, आणि ती नोंद मॉडिफाय रिकव्हरी युटिलिटीने काढायची असते. आर्काइव्ह लॉगची (साठवलेल्या बदलांच्या इतिहासाची) नोंद बीएसडीएस या डीबी-२ च्याच फाइलमध्ये असते. डीबीएला, म्हणजे डेटाबेस सांभाळणाऱ्यांना, विचारल्याशिवाय या टेपांना हात लावू नका. त्यांनी तोंडी "हो" म्हटलं तरी तिकिटावर लिहून घ्या.

कायद्याच्या मुदती देशागणिक वेगळ्या असतात. भारतीय कंपनीच्या हिशेबाच्या वह्या असतील तर कंपनी कायदा २०१३ च्या कलम १२८ प्रमाणे त्या किमान आठ आर्थिक वर्षं जपाव्या लागतात. परदेशी ग्राहकाच्या बाबतीत आपण अंदाज बांधायचा नाही. त्यांच्या रेकॉर्ड विभागाकडून लेखी उत्तर आलं नसेल तर तो व्हॉल्यूम यादीतून वगळा आणि बाकीचं काम पुढे न्या.

चिठ्ठी काढणं

यादी पक्की झाली की तीन गोष्टी एका जागी जमवायच्या.

एक, ईडीजीएचएसकेपी युटिलिटीला बॅकअप पर्याय देऊन कंट्रोल डेटासेटची ताजी प्रत. दोन, त्याच युटिलिटीचा आरपीटीईएक्सटी पर्याय, जो सगळ्या नोंदींचा वाचता येण्याजोगा उतारा काढतो. तीन, यादीतल्या प्रत्येक व्हॉल्यूमची लिस्टव्हॉल्यूम आणि त्यावरच्या प्रत्येक डेटासेटची लिस्टडेटासेट, एका वेगळ्या फाइलमध्ये. त्या फाइलचं नाव तिकिटावर लिहा. नेहमीचे बॅकअप काही दिवसांत फिरून पुसले जातात, म्हणून ही फाइल त्या फेऱ्यात ठेवू नका. आमची चूक कळली तेव्हा त्या आठवड्याचे बॅकअप कधीच संपले होते. ही तिसरी फाइल असती तर दोन दिवसांचं काम दहा मिनिटांत झालं असतं.

आता काढणं

डिलीटव्हॉल्यूम कमांडचे वेगवेगळे पर्याय आहेत आणि प्रत्येकाचं काम वेगळं आहे.

व्हॉल्यूम आधीच स्क्रॅच असेल आणि तो आता वापरातूनच बाद करायचा असेल, तर रिमूव्ह:

आरएमएम डिलीटव्हॉल्यूम ए१२३०४ रिमूव्ह

हा सगळ्यात सुरक्षित रस्ता. जमेल तेव्हा याच अवस्थेपर्यंत व्हॉल्यूम येऊ द्या आणि मग काढा.

व्हॉल्यूमवर अजून डेटा आहे, पण मालकाने सोडला आहे, तर रिलीज. यात नोंद लगेच पुसली जात नाही. व्हॉल्यूम पेंडिंग रिलीजमध्ये जातो आणि पुढच्या हाउसकीपिंगमध्ये (आरएमएमच्या नेमाच्या आवराआवरीत) एक्सप्रोक, म्हणजे मुदती तपासण्याचं काम, चालतं तेव्हा त्याच्या रिलीज ॲक्शनप्रमाणे पुढचं होतं. ॲक्शन स्क्रॅच असेल तर टेप कोऱ्यांच्या रांगेत जाते. रिटर्न असेल तर ती मालकाला परत द्यायची असते, आणि ती दिली असं चेंजव्हॉल्यूमच्या कन्फर्मरिलीज पर्यायाने कळवल्यावरच नोंद जाते. या मधल्या वेळाचा मला फार आधार वाटतो. यादीत चूक असेल तर ती एक्सप्रोकच्या आधीच सापडू शकते.

आणि मग फोर्स. हा पर्याय व्हॉल्यूमची स्थिती न बघता नोंद पुसतो, त्यावरच्या डेटासेटांच्या नोंदींसह. तो वापरायला एसटीजीॲडमिन डॉट ईडीजी डॉट मास्टर या सुरक्षा-प्रोफाइलवर कंट्रोल अधिकार लागतो. माझं स्पष्ट मत आहे की हा अधिकार शिफ्टवरच्या प्रत्येकाकडे नसावा. दोघांकडे पुरे, आणि तिसऱ्याने यादी वाचल्याशिवाय त्या दोघांनीही वापरू नये. फोर्सची खरी जागा म्हणजे तुटलेली किंवा हरवलेली कार्ट्रिज, किंवा चुकून भरलेली नोंद. "रिमूव्ह चालत नाही म्हणून फोर्स" हे कारण होऊ शकत नाही. रिमूव्ह चालत नाही याचा अर्थ तो व्हॉल्यूम तुम्ही समजता त्या अवस्थेत नाही.

कमांडची फाइल आता डिलीटसाठी तयार करा, पण पहिल्यांदा एकच व्हॉल्यूम चालवा. पुढची पायरी त्या एकावर पूर्ण करून बघा, मग उरलेले पंचवीस-पन्नासच्या गठ्ठ्यांनी घ्या. हाउसकीपिंग चालू असताना यातलं काही करू नका.

तिन्ही वह्या जुळवणं

पहिल्या व्हॉल्यूमनंतर तीन ठिकाणी बघा. आरएमएमला लिस्टव्हॉल्यूम विचारा, नोंद सापडू नये. आयडीकॅम्स या कॅटलॉगच्या युटिलिटीमधून लिस्टकॅटला व्हॉल्यूमएंट्रीज देऊन विचारा, तिथेही नसावी. लायब्ररीसाठी कन्सोलवरून डिस्प्ले एसएमएस व्हॉल्यूम.

व्हॉलकॅटमध्ये नोंद मागे राहिली असेल तर आयडीकॅम्सच्या डिलीट कमांडला व्हॉल्यूमएंट्री देऊन ती काढता येते. पण कार्ट्रिज अजून लायब्ररीच्या आत असेल तर आधी लायब्ररी इजेक्ट ही कमांड देऊन ती बाहेर काढा. इजेक्टला पर्ज दिलं की व्हॉलकॅटची नोंद सोबतच जाते, कीप दिलं तर राहते. व्हर्च्युअल टेपमध्ये, म्हणजे डिस्कवरच टेपसारख्या भासवलेल्या व्हॉल्यूममध्ये, बाहेर येण्यासारखं काही नसतं, तिथे इजेक्ट म्हणजे तो व्हॉल्यूम नष्टच होणं. दोन्हीला शब्द एकच आहे, म्हणून हे आधी तपासा.

सगळं संपल्यावर ईडीजीयुटिल या युटिलिटीचं व्हेरिफाय चालवा. व्हॉलकॅट पर्याय आरएमएम आणि व्हॉलकॅट ताडून बघतो, एसएमएसटेप पर्याय लायब्ररीलाही मोजतो. अहवाल शेवटपर्यंत वाचा. त्याच युटिलिटीत मेंड आहे आणि ते दुरुस्ती करतं, पण अहवाल समजून घेतल्याशिवाय ते चालवू नका.

दोन छोट्या गोष्टी राहतात. आरएसीएफ या परवानग्यांच्या प्रणालीच्या टेपव्हॉल क्लासमध्ये जुनं प्रोफाइल उरलं आहे का ते बघा. उरलं तर उद्या त्याच क्रमांकाची नवी टेप आली की कोणाला तरी परवानगी नाकारली जाईल. आणि रॅकचा क्रमांक आता रिकामा झाला आहे. ती जागा पुन्हा वापरायची नसेल तर डिलीटरॅकने तीही काढा.

चूक झालीच तर

पहिला विचार येतो तो बॅकअप परत आणून जर्नल लावण्याचा. इथे थांबा. जर्नलमध्ये बॅकअपनंतरचे सगळे बदल असतात, तुमचं डिलीटही. जर्नल पूर्ण लावलं की व्हॉल्यूम पुन्हा पुसला जाईल. आणि जर्नल न लावता जुनी प्रत आणली तर मधल्या काळात इतरांनी लिहिलेल्या टेपा आरएमएमला आठवणार नाहीत, म्हणजे एक व्हॉल्यूम वाचवायला शेकडो धोक्यात.

बरोबर रस्ता चिठ्ठीवरून जातो. कार्ट्रिज सगळ्यात आधी सुरक्षित करा, कोणी तिच्यावर लिहू नये म्हणून लायब्ररीच्या बाहेर काढा आणि तिथल्या माणसाला लेखन-बंदीची खूण लावायला सांगा. मग ॲडव्हॉल्यूमने व्हॉल्यूमची नोंद परत घाला, स्थिती मास्टर आणि मुदत चिठ्ठीतली. साखळी असेल तर मागचा व्हॉल्यूम सांगणारा पर्याय द्या. त्यावर ॲडडेटासेटने प्रत्येक फाइल तिच्या क्रमांकासह, पूर्ण ४४ अक्षरी नावाने. शेवटी आयडीकॅम्सच्या डिफाइन नॉनव्हीसॅमने डेटासेट आयसीएफ कॅटलॉगमध्ये. मग एक छोटा वाचन जॉब चालवून बघा. हे सगळं चिठ्ठी हाताशी असेल तर एका शिफ्टमध्ये होतं.

सीए-१ वर काम करत असाल तर

हे उत्पादन आता ब्रॉडकॉमकडे आहे, पण कामावर सगळे सीए-१ च म्हणतात. त्याच्या टीएमसीची, म्हणजे टेप कॅटलॉगची, रचना वेगळी आहे. तिथे व्हॉल्यूमच्या रेंज आधी ठरवलेल्या असतात आणि प्रत्येक व्हॉल्यूमला ठरलेल्या लांबीची एक जागा मिळते. त्यामुळे एकटा व्हॉल्यूम "काढला" तरी त्याची जागा फाइलमध्ये तशीच राहते, त्यावर बाद झाल्याची खूण लागते. जागाच कमी करायची तर टीएमसी नव्याने बांधावी लागते, आणि ते काम रात्रीच्या शिफ्टमध्ये उरकायचं नसतं. तारखांचे संकेतही वेगळे: तिथे ९९००० म्हणजे कॅटलॉगमध्ये आहे तोवर ठेवा, आणि ९८००० म्हणजे बाहेरून आलेली टेप. यादी वाचणं, मालकाला विचारणं आणि चिठ्ठी काढणं मात्र इथेही तेवढंच लागू.

कार्ट्रिजचं काय करायचं

नोंद पुसली म्हणून डेटा पुसला जात नाही, हे ग्राहकाला लेखी कळवा. काहींचा समज असतो की कॅटलॉगमधून काढलं म्हणजे माहिती नष्ट झाली. कार्ट्रिज पुन्हा वापरायची असेल तर नोंद काढण्याआधीच ईडीजीआयएनईआरएस या युटिलिटीने ती पुसून घ्या, नंतर आरएमएम तिला ओळखणार नाही. कायमची बाद करायची असेल तर चुंबकीय पुसणी चालते, पण ३५९२ जातीच्या कार्ट्रिजवर कारखान्यातच सर्वो खुणा, म्हणजे ड्राइव्हला वाट दाखवणाऱ्या खुणा, लिहिलेल्या असतात. त्या पुसणीत जातात आणि कार्ट्रिज पुन्हा कधीच वापरता येत नाही. म्हणून पुसणीला पाठवायच्या पेटीवरची यादी आणि तिकिटावरची यादी तिथल्या माणसाकडून फोनवर, एकेक व्हॉलसर मोठ्याने वाचून, ताडून घ्या. आम्ही हे सकाळी साडेसहाला करतो, तिथे तेव्हा रात्रीचे आठ-नऊ वाजलेले असतात. पन्नास व्हॉलसरला पंधरा मिनिटं लागतात. त्यानंतरच लॅपटॉप बंद करून तर्री पोहे खायला निघायचं.